रंग काढून टाकला म्हणजे कृष्णधवल फोटो होत नाही

फोटो स्टुडिओचा धंदा आज कठीण काळातून जात आहे, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि मोबाईलबरोबर कॅमेराही आला. पासपोर्ट फोटो, ओळखपत्र आणि लग्नाचा अल्बम यांच्या जोरावर लहान दुकाने कशीबशी तग धरून आहेत. अशा वेळी एक जुनी मागणी परत कानावर येऊ लागली आहे. ‘आजोबांचा जसा काळा-पांढरा फोटो घरी आहे, तसाच अब्बांचा काढून द्या,’ असे गिऱ्हाईक सांगते. नवरा-नवरीलाही अल्बममध्ये चार पाने कृष्णधवल हवी असतात.

मागणी आली ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती ज्या पद्धतीने पुरवली जाते ती पाहून वाईट वाटते. बहुतेक ठिकाणी संगणकावर एक बटण दाबून रंग उडवला जातो आणि काम संपले असे मानले जाते. कुठे हा प्रकार अल्बमबरोबर फुकट दिला जातो. कुठे तर रंग बिघडलेले, नको त्या उजेडात सापडलेले फोटो ‘ब्लॅक अँड व्हाईट’ करून खपवले जातात. म्हणजे ज्या कामातून आपले हुनर दिसावे, तेच काम आपण कचराकुंडीसारखे वापरतो आणि मग गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणून तक्रार करतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. कृष्णधवल पोर्ट्रेट हे स्वतंत्र काम आहे. ते रॉ फाईलपासून हाताने केले पाहिजे, त्याचा वेगळा दर घेतला पाहिजे आणि ते करताना माणसाच्या चेहऱ्याचा मूळ वर्ण बदलता कामा नये. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत.

जुन्या उस्तादांना काय ठाऊक होते?

डार्करूमच्या काळात कृष्णधवल फोटो आपोआप होत असे, अशी नव्या मुलांची समजूत आहे. ती चुकीची आहे. फिल्म कोणती भरायची इथपासून विचार सुरू होत असे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे ओठ आणि चेहऱ्यावरचे डाग गडद उमटत. पुढे सर्व रंग पकडणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म आपल्याकडच्या जुन्या फोटोग्राफरांना आठवत असेल. तो कारखाना आता बंद पडला आहे.

फिल्मनंतर भिंगापुढची रंगीत काच येई. लाल काच लावली की कातडी उजळ आणि गुळगुळीत दिसे, पण ओठ फिके पडत. हिरवट काच लावली की ओठांना उठाव येई, मात्र चेहऱ्यावरचा प्रत्येक डागही दिसे. त्यानंतर मऊ किंवा कडक कागदाची निवड, छपाईच्या वेळी हाताची सावली धरून चेहऱ्याचा एखादा भाग उजळ किंवा गडद करणे, निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक दुरुस्ती. ही सगळी कारागिरी होती आणि शागीर्द ती वर्षानुवर्षे उस्तादाशेजारी उभा राहून शिकत असे.

आज ही कारागिरी संपलेली नाही. ती संगणकात गेली आहे. फरक इतकाच की संगणक ती न करताही फोटो बाहेर काढून देतो, म्हणून आपण ती शिकतच नाही.

रॉ फाईल म्हणजे डिजिटल निगेटिव्ह

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. त्याच्या प्रत्येक बारीक ठिपक्याला फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते. रंग मिळावा म्हणून त्या ठिपक्यांवर लाल, हिरव्या आणि निळ्या काचांची जाळी बसवलेली असते. चार ठिपक्यांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी अशी ती मांडणी असते. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली तिचे पेटंट मिळाले आणि आजही बहुतेक कॅमेरे त्याच मांडणीवर चालतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जुन्या फोटोग्राफरला लाल काच लावायची की हिरवी, हे बटण दाबण्याआधी ठरवावे लागे. आपल्या रॉ फाईलमध्ये तिन्ही काचांतून घेतलेली नोंद एकत्र पडलेली असते. कोणत्या काचेला किती वजन द्यायचे हे आपण नंतर, निवांत बसून ठरवू शकतो. ही सोय जुन्या उस्तादांना कधीच नव्हती.

जेपेग फाईलमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉ फाईलमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या फाईलमध्ये १६,३८४ पायऱ्या मिळतात. रंगीत फोटोत जेपेगची कमतरता झाकली जाते. कृष्णधवल फोटोत रंग निघून जातो आणि नुसत्या करड्या छटा उरतात. मग थोडे ओढताणले की पडद्याच्या पार्श्वभूमीवर पट्ट्या दिसू लागतात आणि गालावर चट्टे उमटतात. म्हणून कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवावे. कॅमेरा मोनोक्रोमवर लावला तर मागच्या पडद्यावर काळे-पांढरे चित्र दिसते, त्यावरून उजेड-सावलीचा अंदाज येतो, आणि रॉ फाईलमधला रंग तसाच शाबूत राहतो.

करडा रंग ठरतो कसा?

माणसाच्या डोळ्याला हिरवा रंग सर्वांत उजळ वाटतो, लाल त्याहून कमी आणि निळा सर्वांत गडद. म्हणून साध्या रूपांतरात लालाला सुमारे ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन देण्याची जुनी रीत आहे. ही रीत सरासरीची आहे. तिला नवरीचा दुपट्टा आणि भिंतीचा रंग यांतला फरक कळत नाही. गडद लाल शरारा आणि पानाफुलांचा हिरवा मंडप डोळ्याला एकदम वेगळे दिसतात, पण रंग उडवला की दोन्ही एकाच करड्या रंगाचे होऊन एकमेकांत मिसळतात. नवरी कुठे संपते आणि मंडप कुठे सुरू होतो हेच कळत नाही.

कातडीचेही तसेच आहे. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीत लाल अंश सर्वांत जास्त आणि निळा सर्वांत कमी असतो. एकच चेहरा लाल नोंदीत गोरा आणि गुळगुळीत दिसतो, निळ्या नोंदीत काळवंडलेला आणि डागाळलेला, तर हिरव्या नोंदीत साधारण डोळ्याला दिसतो तसा. प्रत्येक शिकाऊ मुलाला हे तीन चेहरे एकदा पडद्यावर शेजारी शेजारी दाखवावेत. पुढचे अर्धे शिक्षण त्यातच होते.

कामाची पद्धत

ॲडोबीचे लाइटरूम २००७ साली बाजारात आले आणि अनेक स्टुडिओंत तेच वापरले जाते. त्यात कृष्णधवल निवडले की लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा आणि किरमिजी असे आठ स्लायडर मिळतात. स्लायडर उजवीकडे नेला की मूळ फोटोत त्या रंगाचे जे जे आहे ते उजळते, डावीकडे नेला की गडद होते.

पण स्लायडरला हात लावण्याआधी दोन कामे करावीत. पहिले, रंगीत अवस्थेतच व्हाईट बॅलन्स नीट करावा. रंग काढायचाच आहे तर व्हाईट बॅलन्स कशाला, असे पुष्कळ जण म्हणतात. पण फोटो पिवळा पडला असेल तर पांढरा कुर्ताही ‘पिवळ्या’त मोजला जातो आणि स्लायडर हलवला की चेहऱ्याबरोबर कुर्ताही हलतो. दुसरे, उजेडाची बाजू सांभाळावी. पांढरी टोपी, पांढरी दाढी, पांढरा कुर्ता यांतले तपशील एकदा जळाले की रंगीत फोटोत निभावते, कृष्णधवलमध्ये तिथे कोऱ्या कागदाचे भोक दिसते.

मग चेहरा. कातडीचा मुख्य भाग नारिंगीत असतो, काही लालात आणि काही पिवळ्यात. ओठ, मुरमे आणि डोळ्यांतली लाली लालात मोडते. लाल थोडा वर केला की मुरमे मावळतात, पण ओठही चेहऱ्यात विरून जातात. नारिंगी आणि लाल यांच्यात फार अंतर पडले तर गालावर जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे खरखरीत डाग उमटतो. शेजारचे स्लायडर एकमेकांच्या सोबतीने, थोडे थोडे हलवावेत.

आपल्याकडच्या दोन अडचणी कुठल्या परदेशी पुस्तकात सापडायच्या नाहीत. पहिली, मेंदी लावलेली दाढी. तिचा रंग नारिंगी, म्हणजे चेहरा आणि दाढी एकाच स्लायडरवर. चेहरा उजळायला गेले की दाढीही उजळते आणि हनुवटीचा आकार हरवतो. दुसरी, नवरीच्या हातावरची मेंदी. ती तांबूस तपकिरी, म्हणून लाल आणि नारिंगी वर नेले की तासन् तास बसून काढलेली नक्षी पुसली जाते. अशा ठिकाणी सगळ्या फोटोचा स्लायडर हलवू नये. ब्रशने तेवढाच भाग निवडून उजेड-सावली करावी. आता सॉफ्टवेअर स्वतःच कातडी, ओठ, डोळे वेगळे ओळखून निवडून देते. त्याची मदत जरूर घ्यावी, पण त्याने निवडलेली कड नजरेने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लग्नाच्या हॉलमधले निळे-जांभळे दिवे ही आणखी एक डोकेदुखी. त्या उजेडात रंगीत चेहरा वाचवता येत नाही, कृष्णधवलमध्ये काही अंशी वाचतो. तिथे कातडी नारिंगीत नसते, ती निळ्या-जांभळ्यात गेलेली असते, म्हणून तेच स्लायडर वर न्यावे लागतात. मात्र त्याबरोबर दाणेही वाढतात. असा फोटो लहान आकारात द्यावा आणि गिऱ्हाइकाला तसे सांगून द्यावा.

शेवटी कर्व्हने काळा काळाकडे आणि पांढरा पांढऱ्याकडे न्यावा, पण मधल्या छटा राखाव्यात, कारण चेहरा मधल्या छटांतच राहतो. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर क्लॅरिटी फार वाढवू नये. सुरकुत्या दिसाव्यात, पण चिरल्यासारख्या दिसू नयेत.

गोरेपणाचा सौदा

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला ती. नारिंगी स्लायडर वर नेला की सावळा माणूस दोन क्षणांत गोरा होतो. रंगीत फोटोत ही लबाडी पकडली जाते, कारण चेहरा पांढुरका आणि निर्जीव दिसतो. कृष्णधवल फोटोत ती पकडली जात नाही. म्हणूनच इथे कारागिराची ईमानदारी जास्त लागते.

‘गिऱ्हाईकच सांगते, आम्ही काय करणार?’ असे उत्तर मिळते. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. मुलीचा फोटो सोयरिकीसाठी जायचा असला की आईबापांचा जीव टांगणीला असतो. पण फोटोत गोरी दिसलेली मुलगी पाहुण्यांसमोर येते तेव्हा अपमान फोटोग्राफरचा होत नाही, तिचा होतो. आपण मिळवलेल्या चार पैशांची किंमत तिने का मोजावी? आणि अब्बांचा फोटो दिवाणखान्यात लागल्यावर नातवंडांनी ‘हे कोण?’ असे विचारले, तर त्या फोटोचा उपयोग काय?

चेहरा उजळ दिसणे आणि चेहरा गोरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेहरा उजळ दिसतो तो उजेडाने. खिडकीच्या बाजूला बसवा, दुसऱ्या बाजूने पांढरे थर्माकोल धरा, डोळ्यांत चमक येऊ द्या. सावळ्या कातडीवर बाजूने आलेला उजेड जी झळाळी आणतो ती कोणत्याही स्लायडरने येत नाही. तपासणीची एक सोपी युक्ती आहे. कपाळ आणि पांढरा कपडा यांच्यात डोळ्याला जेवढे अंतर दिसते, तेवढे फोटोत राहिले पाहिजे. ते अंतर बुजले की समजावे, आपण दुरुस्ती सोडून सौदा सुरू केला आहे.

आफ्रिकेतल्या माली देशाच्या बामाको शहरातील सेदू केइता यांचे उदाहरण प्रत्येक स्टुडिओवाल्याने पाहावे. हे गृहस्थ मूळचे सुतारकाम शिकलेले. १९४८ साली त्यांनी स्टुडिओ काढला. मोठा लाकडी कॅमेरा, अंगणातला दिवसाचा उजेड, मागे नक्षीचे कापड आणि समोर गावातली साधी माणसे, एवढेच त्यांचे भांडवल. निगेटिव्हच्या आकाराचेच फोटो छापून ते विकत. १९९४ साली पॅरिसमध्ये त्यांच्या फोटोंचे मोठे प्रदर्शन भरले आणि जगाने त्यांना उस्ताद म्हणून मान दिला. त्या फोटोंतील चेहरे काळे आहेत आणि त्यांच्या कपाळावर, गालावर उजेड असा खेळतो की नजर हटत नाही. लहान गावातल्या स्टुडिओवाल्याला याहून मोठा दाखला काय हवा?

छपाईत घात होऊ देऊ नका

पडद्यावर सुंदर दिसलेला फोटो लॅबमधून हिरवट किंवा गुलाबी छटा घेऊन येतो, हा अनुभव अनेकांचा आहे. कारण लॅबमध्ये तो रंगीत कागदावर, रंगीत रसायनांतच छापला जातो. तिन्ही रंग तंतोतंत जुळले तरच करडा करडा राहतो. त्यावर उपाय म्हणजे आधी लहान नमुना छापून घेणे, तो ट्यूबलाईटखाली आणि दिवसाच्या उजेडात दोन्हीकडे पाहणे, आणि गरज वाटली तर सगळ्या फोटोला एकसारखी किंचित उबदार छटा देणे. जिथे चांगला पिगमेंट शाईचा प्रिंटर आहे, ज्यात काळ्या आणि करड्या शाया वेगळ्या असतात, तिथे मोठे पोर्ट्रेट छापून घेतलेले बरे.

वर्तमानपत्राची गोष्ट वेगळी. आमच्यासारख्या साप्ताहिकाकडे दुकानाच्या जाहिरातीसाठी किंवा निधनाच्या बातमीसाठी मोबाईलवरून रंगीत फोटो पाठवले जातात. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते आणि मधल्या छटा गडद होतात, त्यामुळे रंगीत फोटो तसाच छापला तर चेहऱ्याच्या जागी काळा डाग उरतो. वर्तमानपत्रासाठी मधल्या छटा जरा मोकळ्या ठेवून वेगळी फाईल करावी लागते. याला गोरे करणे म्हणत नाहीत, कारण छापून आल्यावर माणूस आहे तसा दिसतो. हेही स्टुडिओवाल्याला मिळू शकणारे एक काम आहे.

हक्काची साधने, हक्काचा दर

लाइटरूम आता दरमहा भाड्याने मिळते आणि ते भाडे लहान दुकानाला जड जाते. म्हणून चोरीची प्रत घेण्याचा मोह होतो. त्याची गरज नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आणि कायदेशीर आहेत. दोन्हींत लाल, हिरव्या, निळ्या नोंदींचे वजन ठरवून कृष्णधवल करण्याची चांगली सोय आहे. शिकायला आठवडाभर जास्त लागेल, पण रोजी निर्धास्त राहील.

दराबाबत आमची सूचना अशी. कृष्णधवल पोर्ट्रेट ‘फुकट इफेक्ट’ म्हणून देणे बंद करावे. दुकानात एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी लावावेत, एक बटण दाबून केलेला आणि एक हाताने केलेला. गिऱ्हाईक एवढे बारकाईने पाहत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग करून पाहावा. गिऱ्हाइकाला फरकाचे नाव सांगता येत नाही, पण बोट बरोबर फोटोवर पडते. मग दर सांगताना कचरण्याचे कारण उरत नाही.

रॉ फाईल जपून ठेवावी. सॉफ्टवेअर तिच्यात बदल करत नाही, केलेले काम वेगळे नोंदले जाते, म्हणून दहा वर्षांनी त्याच फाईलमधून रंगीत प्रतही काढून देता येते. घरातल्या बायकामुलींचे फोटो ही तर अमानतच आहे. ते लॅबच्या किंवा मित्राच्या संगणकावर पडून राहणार नाहीत याची काळजी घेणाऱ्या दुकानावर लोक पिढ्यान् पिढ्या विश्वास ठेवतात.

मोबाईलने आपले काम नेले असे म्हणत बसण्यात अर्थ नाही. मोबाईलने बटण दाबण्याचे काम नेले. चेहऱ्यावरचा उजेड ओळखण्याचे, मेंदीची नक्षी राखण्याचे आणि सावळ्या माणसाला सावळाच पण देखणा दाखवण्याचे काम अजून आपल्याच हातात आहे. ते शिकून घ्यावे, दुकानातल्या मुलांना शिकवावे आणि त्याचे पूर्ण दाम मागावे.